पोलिसांनी उचललं

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या माणसाला सगळी गल्ली ‘पाहुणा’ म्हणायची. आता इतकी वर्षं मुक्काम ठोकलेल्याला कोणी पाहुणा म्हणतं का? पण एकदा नाव पडलं की पडलं. परदेशातून आला, इथलीच बायको केली, भाषा शिकला, घासाघीस करायलाही शिकला. एकच गोष्ट काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. ही माणसं सरकारविरुद्ध रस्त्यावर जाऊन बसतात, ती कशासाठी?

त्याच्या देशातही लोक सरकारला शिव्या द्यायचे, पण दारं-खिडक्या लावून आणि हळू आवाजात. इथे तर खुद्द सासूबाईच पुढारी! सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सारी नोकरी झालेली. आता तिथला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचं घाटत होतं. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, तरी बाई रोज घडीची खुर्ची काखोटीला मारून कचेरीसमोरच्या धरण्याला हजर.

“आई, पेन्शन सरकारच देतं ना? मग त्यांच्यावरच ओरडायचं?” त्याने एकदा विचारलं.

“मग काय शेजारणीवर ओरडू?” एवढं बोलून सासूबाई चालू लागल्या. आता असल्या उत्तरातून बिचाऱ्याला काय कळणार, कपाळ!

त्यात भाषेनेही दगा दिला. शिंप्याच्या मुलाला धरण्यावरून पोलिसांनी उचललं, असं पेपरवाल्याने सांगितलं, तेव्हा पाहुणा म्हणाला, “वा, भले पोलीस! पडल्यावर फार लागलं नाही ना?” गल्ली पोट धरधरून हसली. शेवटी बायकोने समजावलं, की पोलिसांनी उचललं म्हणजे पकडून गाडीत घातलं. वर दमही भरला, “तुझा इथे राहायचा परवाना नव्याने मिळायचाय. त्या कचेरीच्या आसपास जरी फिरकलास ना, तर बघ!” तेव्हापासून तो लांबच्या रस्त्याने कामावर जायचा.

आणि एका दुपारी पेपरवाल्याचा फोन आला. मागे ही गर्दी, हा गोंगाट. “पाहुणे, तुमच्या सासूबाईंना पोलिसांनी उचललं!” एवढं ऐकू आलं आणि फोन बंद पडला.

पाहुण्याने बायकोला फोन लावला. ती परगावी, फोन लागेना. त्याच्या देशात गाडीत घातलेलं माणूस घरी परत यायचं नाही. परवाना आठवला, नाही असं नाही. “गेला खड्ड्यात!” असं त्याच्या तोंडून निघालं, तेही इथल्याच भाषेत. अर्धी घासलेली काच यंत्रावर टाकून, ॲप्रनसकट तो पोलीस ठाण्याकडे धावत सुटला.

“आमच्या आईंना सोडा,” तो धापा टाकत टेबलापलीकडच्या हवालदाराला म्हणाला. “त्यांच्याऐवजी मला ठेवा.”

“अहो, पण आज इथे कुठल्याच बाईंना आणलेलं नाही.”

“खोटं! तुम्हीच उचललंत. खुर्चीवाल्या नर्सबाईंना!”

हवालदार त्याच्याकडे बघत राहिला आणि मग जो हसत सुटला! “त्या होय! गुडघा धरला होता त्यांचा, जागचं उठवेना. ऊन मी म्हणत होतं. आम्ही चौघांनी खुर्चीसकट उचललं आणि झाडाखाली नेऊन ठेवलं. वर ‘सरळ धरा रे, मेल्यांनो’ म्हणून शिव्याही आम्हीच खाल्ल्या.”

पाहुण्याचा जीव भांड्यात पडला. कचेरीसमोर गेला, तर झाडाखाली सासूबाई गुडघा चोळत घोषणा देतायत. खाली फतकल मारून तो हसायला लागला आणि हसता हसता रडायलाच लागला.

“अगं बाई, जावईबापू! तुम्ही कुठे इथे?”

त्याने ठाण्यातलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सासूबाईंचं हसू मावळलं. “आणि त्यांनी खरंच तुम्हाला ठेवून घेतलं असतं तर?”

“तर काय, संपलं.”

“संपलं कसं? आम्ही काय बांगड्या भरून बसलो असतो होय?” त्या कडाडल्या. “सगळेच्या सगळे उठून ठाण्याच्या दारात जाऊन बसलो असतो. तुम्हाला बाहेर आणल्याशिवाय हललो नसतो.”

आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांना तर तो ओळखतही नव्हता.

“माझ्या काकांना नेलं होतं,” पाहुणा म्हणाला. “त्यांच्यासाठी कोणीच बसलं नाही.”

सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी त्याला इतकं मोकळं वाटत होतं. नाक पुसून त्याने भोवतीच्या माणसांकडे एकदा नीट पाहिलं.

“बरं, आता उठा,” त्या हळूच म्हणाल्या. “दुकान उघडं टाकून आलात. मालक ओरडेल.”

“ओरडू दे,” पाहुणा म्हणाला आणि थोडा सरकून सावलीत बसला.