नॅपकिनने नेम बसत नाही

फ्री थ्रो घेण्याआधी ती घामेजलेला हात स्वतःच्या जर्सीला कधी पुसायची नाही. शेजारी उभी असेल तिच्या पाठीला पुसायची. बहुतेकदा ती पाठ माझी असे.

"अगं, नॅपकिन दिलाय ना तुला!"

"नॅपकिनने नेम बसत नाही, ताई."

अंबडच्या आमच्या कारखान्यात ती क्वालिटी विभागात होती. राज्याच्या संघातून बास्केटबॉल खेळलेली. बाकी आम्ही म्हणजे कंपनीला महिलांचा संघ हवा होता म्हणून गोळा केलेल्या. मी स्टोअरमधली. पाण्याच्या बाटल्या, सेफ्टी पिना, बुटांच्या जादा लेस, सगळं यादीप्रमाणे हजर. बॉल तेवढा हाती लागायचा नाही. पॅकिंगमधली मंगल तर बॉल येताना दिसला की डोळेच मिटायची.

एकटेच पळणारे, एकटेच बास्केट करणारे खेळाडू तुम्हीही पाहिले असतील. हिला ते सहज जमलं असतं. पण ही समोरच्या दोघी-तिघींना अंगावर घ्यायची आणि मोकळ्या मंगलकडे बॉल द्यायची. मंगलने सोडला, तरी पुढचाही तिलाच. 'सॉरी' म्हणायला बंदी. म्हटलं की मैदानाला एक फेरी. सुरुवातीला मंगल खेळली कमी, पळाली जास्त.

कंपन्यांच्या स्पर्धेत मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, हे मंगल विसरली. डोळे उघडे ठेवून, सुंदर नेम धरून तिने बॉल आमच्याच रिंगमध्ये टाकला. प्रेक्षक हसून लोळले. मंगल तडक बाहेर निघाली.

"मला नाय खेळायचं. लय झालं."

राखीव खेळाडू आमच्याकडे नव्हतीच. मी हबकले. ही मात्र मंगलची वाट अडवून म्हणाली, "अगं बाई, आत गेला की नाही? आता तोच नेम तिकडे धर!" आणि घामेजलेला हात खुशाल मंगलच्या पाठीला पुसला. पुढचा बॉल अर्थातच मंगलकडे. तो आत गेला.

सामना आम्ही हरलो. मंगलला ते सांगावं लागलं.

पुढे या क्वालिटीवालीची चाकणला बदली झाली. सामानाची यादी मीच करून दिली होती; नॅपकिन तेवढा ती इथेच टाकून गेली.

परवा तिच्याशिवाय पहिला सामना झाला. शेवटी बरोबरी, आणि फ्री थ्रो मंगलला. मी लगबगीने तोच नॅपकिन पुढे केला. मंगलने रिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, जरा वळा की."

मी वळले.