शेजारच्या लोवेलची नेमणूक

व्हर्ना स्कोगस्टाडने शेजारच्या लोवेल त्वेटशी बावीस वर्षं अबोला धरला होता, आणि लिंडेन लेकमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवीन पास्टर गावात आला की कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते त्याला सांगत, आणि त्याच दमात हेही सांगत.

अबोल्याचं कारण जॅम. लोवेल तेव्हा जिल्ह्याचा वजनमापं निरीक्षक होता. ऑगस्टच्या जत्रेत व्हर्नाने रुबार्बच्या जॅमच्या चाळीस बरण्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर स्वतःच्या हाताने 'एक पौंड' लिहून. लोवेल आला, टोपी काढून नमस्कार केला आणि बरण्या एकेक करून काट्यावर ठेवायला लागला. चाळीसच्या चाळीस.

"व्हर्ना, हा एक पौंड नाही. पावणेदोन औंस कमी आहे."

"जॅम आहे रे लोवेल, सोनं नव्हे."

"मग वर जॅम एवढंच लिही. पौंड लिहू नकोस."

आणि त्याने तिच्या टेबलाला लाल चिठ्ठी लावली. शाळेत हा तिच्या एक वर्ग मागे होता. डबा विसरला की हिच्याच डब्यातलं खायचा. सगळ्या जत्रेदेखत चिठ्ठी लावून तो पुढच्या टेबलाकडे वळला, तिथे भाजलेल्या कणसांची लांबी मोजायला. व्हर्नाने बरण्या गाडीत भरल्या, आणि त्या दिवसापासून लोवेल तिच्या लेखी कुंपणाचा एक खांब झाला.

लोवेलची बायको ऑर्लीन मात्र दर गुरुवारी कॉफीला यायची. बावीस वर्षं दोन्ही घरांचा कारभार तिच्यामार्फतच चालला. "तुझ्या नवऱ्याला सांग, त्याच्या मेपलची पानं माझ्या अंगणात येतात." पुढच्या गुरुवारी उत्तर यायचं: "तो म्हणतो, एकतीस टक्के पानं तुझ्याच झाडाची आहेत."

मधल्या काळात लोवेल चढत चढत राज्याच्या वजनमापं खात्याचा प्रमुख झाला. उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं आणि गिऱ्हाइकाला कमी मिळतं, यावर त्याने एक लांबलचक टिपण लिहिलं होतं. ते राजधानीत कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं असावं, कारण मार्चमधल्या एका मंगळवारी रेडिओवर बातमी आली की राष्ट्रीय वजनमापं मंडळाच्या अध्यक्षपदासाठी राष्ट्राध्यक्षांनी लोवेल त्वेट यांचं नाव सिनेटकडे पाठवलं आहे. गावातल्या कॅफेने खिडकीत फलक लावला. बँडवाल्यांनी तालीम सुरू केली.

गुरुवारी व्हर्नाने कॉफी ओतता ओतता विचारलं, "ऑर्लीन, वॉशिंग्टन इथून अकराशे मैल असेल ना गं?"

"अकराशे चार. त्याने काढलंय."

"म्हणजे चांगलं लांब आहे," व्हर्ना म्हणाली आणि लेमन बारच्या आंबटगोड वडीचा मोठा तुकडा तिच्या बशीत ठेवला.

पण नाव पाठवलं म्हणजे नेमणूक झाली असं नसतं. आधी कागद. आजवर कुठे कुठे राहिलात, कुठल्या परदेशी माणसाला ओळखता, कुणाकडून काय भेट घेतलीत. इतर उमेदवार आठवेल तेवढं लिहितात. लोवेलने दोनशे बारा पानं जोडली. त्यात मासेमारीच्या तळ्यावर पंचवीस मिनिटं भेटलेला एक कॅनडावाला होता, आणि नऊ ख्रिसमसना मिळालेले नऊ फ्रूटकेक होते, वजनांसकट.

कागदांनंतर चौकशी. केंद्र सरकारची तपासनीस गावात आली. मिस कीनी तिचं नाव, करड्या कोटातली, हसतमुख. उमेदवार कसा आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, हे तिचं काम. त्वेटांना लागून एकच घर होतं.

त्या सकाळी व्हर्नाने मनाशी पक्कं केलं होतं की नुसतं गोड बोलायचं. लोवेलची एवढी तारीफ करायची की त्याला लगेच विमानात बसवतील. तिने चांगले कप काढले. मिस कीनीने वही उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"मिस्टर त्वेट यांच्या वागण्यात तुम्हाला कधी काही खटकलंय का?"

व्हर्नाने तोंड उघडलं ते 'छे, कधीच नाही' म्हणायला. पण बावीस वर्षं कोंडलेलं होतं ते.

"खटकलंय? अगं पोरी, त्याने सख्ख्या भावाचा पेट्रोलपंप बंद करवला. गॅलनमागे दोन चमचे कमी पडतं म्हणून. भावाने सहा वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरात घेतलं नाही."

मिस कीनी लिहू लागली. "आणखी?"

"दवाखान्यासमोर गाडी नऊ मिनिटं जास्त उभी राहिली, तर स्वतःच शेरीफकडे गेला, मला दंड करा म्हणून. शेरीफ म्हणाला घरी जा. हा हटेना. शेवटी शेरीफ जेवायला निघून गेला."

"आणखी?"

"पास्टरला तोंडावर सांगितलं, पत्रकात प्रवचन पंधरा मिनिटांचं छापता आणि बोलता एकोणीस मिनिटं. तेही दारात, सगळ्यांसमोर, हातात हात धरून."

"दारू वगैरे?"

"ख्रिसमसला एक ग्लास. मापून." व्हर्नाला आता धाप लागली होती. "आणि माझ्या चाळीस बरण्यांचं तर तुला सांगायचंच राहिलं." ते सांगायला तिला वीस मिनिटं लागली.

मिस कीनीने वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं पोट भरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं.

"मिसेस स्कोगस्टाड, अकरा वर्षं मी हे काम करतेय. उमेदवाराबद्दल इतकी चांगली साक्ष मला कधी मिळाली नव्हती."

"मी तक्रार करत होते," व्हर्ना म्हणाली.

"हो, तेही लिहिलंय. साक्षीदाराचं उमेदवाराशी पटत नाही, सबब साक्ष विशेष विश्वासार्ह."

ती गेल्यावर व्हर्नाने कप धुवायला घेतले. बरं वाटावं की वाईट, हे तिला ठरवता येईना. माणूस जाणार हे तर नक्की झालं होतं. पण आपण त्याला शिव्या घालायला बसलो आणि त्याच्या गळ्यात हार घालून उठलो, हे काही तिला पचेना.

जूनमध्ये समितीपुढे सुनावणी झाली. अख्खं गाव कॅफेतल्या पडद्यासमोर बसलं होतं, व्हर्ना मागच्या बाकावर, आपण फक्त कॉफी प्यायला आलोय असा चेहरा करून. अध्यक्षबाई लोवेलला म्हणाल्या, तुमचं म्हणणं पाच मिनिटांत सांगा. लोवेल बोलू लागला आणि पाच मिनिटं झाल्यावर वाक्याच्या मध्येच थांबला. बाई वाट बघत राहिल्या. "संपलं का?" त्यांनी विचारलं. "वेळ संपला," लोवेल म्हणाला. समितीने त्याला एकमताने पसंत केलं.

आणि मग काहीच झालं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. आतली गोष्ट हळूहळू बाहेर आली. त्यांच्याच राज्याच्या सिनेटर होल्कोमने सगळी नावं अडवून धरली होती. लोवेलशी त्याचं काही वाकडं नव्हतं. त्याच्या भागातला एक जुना पूल सरकार बांधून देत नव्हतं, आणि पूल मिळेपर्यंत एकाही उमेदवाराला पुढे जाऊ देणार नाही असं त्याने ठरवलं होतं. दोन राजदूत, एक न्यायाधीश, एक नौदलाचा अधिकारी आणि लोवेल त्वेट, सगळे त्या पुलाखाली अडकले होते.

नियमाप्रमाणे लोवेलने राज्याची नोकरी मार्चमध्येच सोडली होती. आता तो घरी होता, दिवसभर. आयुष्यभर मोजमाप करत आलेल्या माणसाला मोजायला काही राहिलं नाही, की तो हाताशी येईल ते मोजतो. त्याने दोन्ही अंगणांतल्या गवताची उंची मोजली. पोस्टमन किती सेकंद कुत्र्याशी बोलतो ते मोजलं. ऑर्लीन आता गुरुवारची वाट बघेनाशी झाली. ती रोजच यायची, कधी सकाळी एकदा आणि जेवणानंतर पुन्हा.

"आज काय?" व्हर्ना विचारायची.

"टॉयलेट पेपरचे सहा रोल उलगडले. तुकडे मोजले."

"मग?"

"एकात चार कमी निघाले. आता कंपनीला पत्र लिहितोय." ऑर्लीनने डोळे मिटून कॉफीचा घोट घेतला. "सगळा पेपर जिन्याच्या कठड्यावर वाळत घातल्यासारखा पसरलाय, व्हर्ना. मी माझी उशी घेऊन इकडे येऊ का?"

वर्षाअखेर सिनेटचं सत्र संपलं आणि रिवाजाप्रमाणे राहिलेली सगळी नावं राष्ट्राध्यक्षांकडे परत गेली. जानेवारीत ती पुन्हा पाठवली गेली. पुन्हा कागद आले. या वेळी लोवेलने दोनशे एकोणतीस पानं जोडली, कारण मधल्या काळात तो कॅनडावाला त्याला पुन्हा भेटला होता.

फेब्रुवारीत अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी होती. मतं जवळ आली की सिनेटर अशा ठिकाणी हटकून येतात. होल्कोम आला, हात मिळवत मिळवत टेबलाटेबलांतून फिरू लागला. व्हर्नापाशी येऊन त्याने हात पुढे केला. तिने तो धरला आणि सोडला नाही.

"सिनेटरसाहेब, लोवेल त्वेटचं घोडं कुठं अडलंय?"

"फार चांगला माणूस," होल्कोम म्हणाला. "त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही."

"माझी आहे. तो अकरा महिने घरी बसलाय, ही." तिचा आवाज शाळेच्या भोजनगृहातला होता. तिथे तिने एकतीस वर्षं स्वयंपाक केला होता. आसपासचे काटे-चमचे थांबले. "तुम्हाला पूल पाहिजे, मला समजतं. पण या माणसाने माझ्या दाराच्या पायरीची उंची मोजलीय. त्याची बायको उशी घेऊन माझ्याकडे राहायला निघालीय. या हॉलमधल्या निम्म्या लोकांना मी लहानपणी जेवू घातलंय, साहेब. मी सांगितलं तर ते अजून ऐकतात."

"बघतो मी," होल्कोम म्हणाला आणि हात सोडवायला लागला.

"बघतो म्हणजे कधी?"

तेवढ्यात रांगेतून, ताटली हातात धरून, लोवेल पुढे आला. सगळा हॉल त्या दोघांकडे बघू लागला. लोवेल खाकरला.

"व्हर्ना, तू अकरा महिने म्हणालीस. अकरा महिने नऊ दिवस झालेत."

"गप्प बस, लोवेल," व्हर्ना म्हणाली.

बावीस वर्षांत ती त्याच्याशी बोलली ते हे पहिले शब्द. ऑर्लीनने टेबलावर डोकं टेकलं. ती हसत होती की रडत होती, ते कुणाला कळलं नाही. त्यानंतर अबोला ठेवायला काही कारणच उरलं नाही. एकदा तोंड उघडल्यावर व्हर्नाने पुढचा आठवडाभर कुंपणावरून लोवेलला जे काही सुनावलं, त्यात बावीस वर्षांची सगळी बाकी फिटली. लोवेलने ते उभ्याने ऐकून घेतलं. मधूनमधून एखादी तारीख दुरुस्त करायचा, तेवढंच.

होल्कोमने अडवणूक सोडली ती व्हर्नामुळे, की ऑक्टोबरात पूल मंजूर झाला म्हणून, हे गावात अजून वादाचं आहे. नोव्हेंबरात एका दुपारी सिनेटमध्ये अठ्ठेचाळीस नावं एकाच झटक्यात पुढे आली. कुणाची हरकत आहे का, असं विचारलं गेलं. कुणाचीच नव्हती. कॅफेत बँड वाजू लागला. लोवेल स्टॉपवॉच बघत होता.

"एकेचाळीस सेकंद," तो म्हणाला. "माणशी एका सेकंदाहून कमी."

"आणि वीस महिने वाट बघितलीस," व्हर्ना म्हणाली. "ते माणशी किती पडलं?"

तो गेला. ऑर्लीन थोडे दिवस त्याच्याबरोबर राहायची, थोडे दिवस इकडे. व्हर्नाला वाटलं होतं, आता शांतता मिळेल. मिळालीही. बाजूच्या घराचं जाळीचं दार बंद, अंगणात कुणी वाकून काही बघत नाही. एकदा मेपलची पानं गोळा करताना, यात आपल्या झाडाची किती असतील असा विचार तिच्या मनात आला, आणि तिने रागाने सगळी एका पोत्यात कोंबली.

पुढच्या वर्षी निवडणूक झाली. नवे राष्ट्राध्यक्ष आले. नवे आले की जुन्यांनी नेमलेल्या माणसांना आपापलं आवरायचं असतं. लोवेलला दोन ओळींचं पत्र आलं, अमुक दिवशी दुपारी बारापर्यंत राजीनामा द्यावा. त्याने बाराला पाच मिनिटं असताना दिला. वीस महिने वाट बघून चौदा महिने खुर्ची.

जानेवारीतल्या एका दुपारी त्यांची गाडी आली. व्हर्ना अंगणातला बर्फ काढत होती. ती फावडं हातात घेऊनच कुंपणापाशी गेली.

"आलास का परत," ती म्हणाली. "काय केलंस मग तिथे?"

लोवेलने टोपी काढली. तो म्हातारा दिसत होता. "पेट्रोलचा नियम अर्धवट राहिला. पुढचा करेल कदाचित." मग म्हणाला, "एकदा जुना किलो बघितला मी, व्हर्ना. देशातली सगळी वजनं एके काळी ज्याच्यावरून ठरवत, तो. बंद खोलीत, घंटेसारख्या दोन काचेच्या झाकणांखाली. एवढासाच असतो. माझ्या अंगठ्याहूनही बुटका. त्याला हात लावू देत नाहीत, नुसत्या बोटाने त्याचं वजन बदलतं म्हणतात."

"मग काय केलंस?"

"काही नाही. उभा राहिलो. मला वाटलं, श्वासानेसुद्धा काही होईल, म्हणून श्वास धरून उभा राहिलो."

"किती वेळ?"

लोवेलने बर्फाकडे बघितलं. उत्तर देताना तो जरा लाजला.

"ते मोजायचं राहिलं," तो म्हणाला.

 व्हर्नाने फावडं कुंपणाला टेकवलं, ऑर्लीनला हाक मारली आणि म्हणाली, "सामान राहू दे गाडीत. आधी कॉफी घ्या दोघं. गारठलाय हा."