गोदामाची दक्षिण बाजू

मी दहावीत होतो त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गावचा आठवडी बाजार नव्या मैदानावर गेला. मैदानात एक जुनं गोदाम होतं, पूर्व-पश्चिम लांबलचक, पंधरा फूट उंच. त्याच्या उत्तरेला दिवसभर सावली पाहून वडिलांनी पहिल्याच बाजारी तिथली जागा धरली. आम्ही मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर विकायचो, आणि ऊन लागलं की पालेभाजी तासाभरात मान टाकते.

त्याच हिवाळ्यात विज्ञानाच्या सरांनी वर्गात टेबलावर दिवा ठेवला आणि त्याच्याभोवती पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला. अक्ष कललेला आहे म्हणून ऋतू होतात, असं ते म्हणाले. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी मात्र गोलावर आपला जिल्हा शोधत होतो. कर्कवृत्त आमच्या वर, भोपाळच्या अंगानं गेलेलं. सूर्य तिथवर जाणार असेल, तर तो आमच्या डोक्यावरून पलीकडे जाणार. म्हणजे मेच्या शेवटी ऊन उत्तरेकडून येणार.

"सर, मग उन्हाळ्यात गोदामाची सावली दक्षिणेला पडेल का?"

"परीक्षेत गोदाम येत नाही," सर म्हणाले. वर्ग हसला.

घरी थोरल्या भावाला विचारलं. तो तेव्हा चिखलीला अकरावी सायन्सला जायचा. "अक्षाचा कल साडेतेवीस अंश," तो म्हणाला. "परीक्षेत दोन गुणांसाठी येते." सावलीचं विचारलं तर म्हणाला, ते पुस्तकात नाही.

दक्षिणेला एक टमाटेवाला उन्हात बसायचा. मी त्याच्याकडे काही मागितलं नाही. दोन बाजार नुसता समोर उभा राहून "काका, ऊन लागते ना लई?" म्हणत राहिलो. तिसऱ्या बाजारी तोच बोलला.

"जागा बदलतं का बे?"

"बदलतो. पण भाजीवर पाणी माराले तुमचा नळाजवळचा कोपराही पायजे. अन् वर्षभर मागं फिरायचं नाही."

"नाही फिरत. घे!"

वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी भर बाजारात माझ्या कानाखाली वाजवली. सावली देऊन ऊन घेणारा पोरगा त्यांनी पाहिला नव्हता. पण शब्द गेला होता, तो त्यांनी पाळला.

मे संपत आला. दुपारी तीन वाजले की आमच्या बाजूला भिंतीलगत हातभर सावली यायची आणि दिवस कलेल तशी वाढत जायची. उत्तरेकडचे सगळे डोक्यावर पोती घेऊन बसलेले. टमाटेवाला तणतणत आला.

"पोट्ट्या, तुले माईत होतं!"

"शाळेत शिकवलं, काका."

"कोण्या शाळेत शिकवते बे असं?"

वडील पोट धरून हसले. मग येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, "हे पोट्टं बाजारासाठीच जन्मलं." मीही छाती फुगवून तागडी धरली. तिथंच माझं चुकलं.

निकाल लागला. विज्ञानात मला भावाच्या दहावीच्या गुणांपेक्षा अकरा गुण जास्त होते. मी अकरावीच्या फॉर्मचं काढलं, तर वडील म्हणाले, "एक शिकून राह्यला ना? तुले कायले पायजे कॉलेज? तुले बाजार समजते." भाऊ शेजारीच पुस्तकांना कव्हर घालत बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी दाबली.

आज माझ्या भाजीचा माल वाहणाऱ्या तीन गाड्या आहेत. भाव करताना माझ्यासमोर चांगले चांगले व्यापारी आवाज खाली ठेवतात. माझा पारा लवकर चढतो, हे मला लोकांनी सांगायची गरज नाही. भाऊ हायस्कुलात विज्ञान शिकवतो. तोच धडा, तोच गोल, तेच दोन गुण. गेल्या वर्षी तो मुख्याध्यापक झाला. सत्कारात माईकवरून म्हणाला, "माझ्या धाकट्या भावानं माझ्यासाठी शिक्षण सोडलं." टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर शाल आली.

पंगतीत मी त्याच्या शेजारी बसलो.

"दादा, मी सोडलं?"

"अरे, स्टेजवर तसंच बोला लागते."

"बाबा नाही म्हणले तवा तू तिथंच होता. एक शब्द काऊन नाही काढला?"

तो बट्टी कुस्करायचा थांबला. आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काढला असता तर बाबानं मलेच बाजारात बसवलं असतं."

म्हणजे दोघांतला एकच शिकणार, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मी इतकी वर्षं समजत होतो की तो भोळा आहे, पुस्तकात नाही ते त्याला दिसत नाही.

वाढपी वरण घेऊन आला. मी ताटावर हात आडवा धरला आणि भरल्या पंगतीतून उठलो. लोक बघत राहिले. भावानं मान वर केली नाही.