मंतरलेलं तेल

बोरीच्या बायनाबाईचा थोरला लेक तापानं घरातच गेला, कारण देवऋष्यानं दंडाला काळा दोरा बांधून दवाखान्याची बंदी घातली होती. त्यानंतरच ती येशूच्या पायाशी आली.

आज नात तापानं फणफणली होती. बाहेरगावच्या प्रचारकानं प्रार्थना पुटपुटत पोरीच्या कपाळाला तेल चोपडलं आणि दरडावलं, "दवाखान्यात नेलं तर विश्वास तुटंल. पोरगी हातची जाईल."

हाच धाक ऐकून बायनाबाई एकदा गप बसली होती. तिनं पदरानं ते तेल खसाखसा पुसलं आणि पोर खांद्यावर टाकली.

"मी येशूच्या नावानं सांगायलोय!" प्रचारक दार अडवून ओरडला.

"नाव येशूचं हाय," ती म्हणाली, "पण भ्या त्या देवऋष्याचंच हाय. सरका."