भवानीचे पेरू

पेरू चिरला की घरभर वास सुटतो आणि मला परदेशातून सुट्टीवर आलेली माझी नणंद आठवते. त्या सकाळी मंडई नुकती उघडत होती, एका बाईंनी ओल्या गोणपाटावर पेरूंचा ढीग रचला होता आणि आम्हीच त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होतो. ‘‘वहिनी, व्हिडिओ काढा हं,’’ म्हणत नणंदेने मोबाइल माझ्या हातात कोंबला आणि घासाघीस सुरू केली. पेरू हुंगायचा, नाक मुरडायचं, दोन पावलं निघून जायचं, परत यायचं, सगळं साग्रसंगीत. शेवटी बाई कंटाळून म्हणाल्या, ‘‘न्या ताई, तुम्ही म्हणाल तसे. भवानीची वेळ आहे.’’ त्यांनी पिशवी भरली तेव्हा ही हसली. ‘‘अहो, मला नकोच आहेत, उद्या माझी फ्लाइट आहे. आमच्या तिकडच्या ग्रुपला फक्त गंमत दाखवायची होती.’’ पहिलंच गिऱ्हाईक हात हलवत गेलं तर बाईंचा दिवस कसा जातो, हे पुण्यात वाढलेल्या हिला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी घाईघाईने पाकीट काढलं, तर बाई पेरू परत ढिगावर रचत म्हणाल्या, ‘‘राहू द्या. झाला ना तुमचा खेळ?’’ तिकडे ती दर शनिवारी भाजीबाजारात जाते, पाटीवर लिहिलेला भाव निमूट देते आणि वर थँक्यू म्हणते. काल फोनवर सांगत होती, इथे आपल्या मंडईसारखी मजा नाही. नसणारच. तिथे तिला पुढच्या शनिवारी त्याच माणसासमोर उभं राहायचं असतं.