जेवणाच्या टेबलावरचं मुसकं

चहा घ्या, सांगतो. पण कुठून सुरुवात करू? मुलीचं ठरत आलेलं लग्न कुणी मानापानापायी मोडतं, कुणी पत्रिकेपायी. मी ते एका दिव्यापायी मोडायला निघालो होतो!

लोणावळ्यात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. दिवसभर बटणं, वायरी, होल्डर विकायचे आणि घरी आलो की जुन्या वस्तूंचे दिवे करायचे, हा माझा नाद. मोडकी टोपली, गंजकी चाळण, काहीही चालतं. बायको त्याला भंगार म्हणते. पण तुम्ही कधी जुनी चाळण उजेडासमोर धरलीय? एकदा धरून बघा.

तर जवळच्या भाजे गावात माझा एक मित्र आहे. त्यानं गोठा पाडायला काढला, तेव्हा खुंटीला मला एक मुसकं दिसलं. मळणीच्या वेळी बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून तोंडाला बांधतात ना, ती दोरीची जाळी. काय विणली होती! खाली घट्ट, वर मोकळी होत गेलेली, गाठीला गाठ सारखी. आणि कडेला विणणाऱ्यानं चक्क एक वेणी घातलेली. बैलाला वेणीशी काय देणंघेणं? तरी घातलेली! मी शेणात उभा राहून ती वेणीच बघत बसलो.

"ने की," मित्र म्हणाला. "बैल गेलं. आता काय ट्रॅक्टरला बांधू?"

घरी आणून धुतलं, आत पिवळा बल्ब सोडला आणि जेवणाच्या टेबलावर टांगलं. दिवा लागला आणि खोलीभर जाळीच्या सावल्या पसरल्या. मी स्वतःवर इतका खूश, की काय सांगू!

त्याच रविवारी मुलाकडचे जेवायला यायचे होते. आमची मृणाल आणि सुदुंबऱ्याचा सागर तळेगावला एकाच कारखान्यात कामाला. पोरांचं जमलेलंच होतं, मोठ्यांचा होकार तेवढा बाकी. सागरचे वडील नामदेवराव शेतकरी माणूस, बोलणं मोजकं, मान ताठ.

दुपारच होती, पण धुकं पार खिडकीला टेकलेलं. मी ऐटीत दिवा लावला. मटणाचा रस्सा, भाकरी, कामशेतहून मुद्दाम आणलेल्या इंद्रायणीचा भात. नामदेवरावांनी वर बघितलं. चतकोर भाकरी खाल्ली आणि ताटावर हात आडवा धरला.

"अहो, घ्या ना!" बायको काकुळतीला आली.

"बास. लय झालं."

मला वाटलं, लाजतायत. म्हटलं, विषय काढावा.

"नामदेवराव, वर बघितलंत का? खास तुमच्यासाठी लावलंय."

"बघितलं."

"खरं सांगतो, हे हातात आलं आणि मला पहिली आठवण तुमचीच झाली!"

सागरच्या आईचा घास हातातच राहिला. सागर माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होता. मला वाटलं, पोरगं भारावलं!

"दुसऱ्या कुणाला याचा अर्थ कळायचा नाही," मी सुटलोच होतो, "पण तुम्हाला बरोबर कळणार."

"आमाला बसल्या बसल्या कळला," म्हणून नामदेवराव उठले. हात धुतले. "सागर, गाडी काढ."

मृणालचा चेहरा पांढराफटक. मी धावत दारापर्यंत गेलो. "अहो, झालं काय? काही चुकलं का आमचं?"

"जेवायला बोलवायचं आन् डोक्यावर मुसकं टांगायचं? आमी काय लोकाच्या खळ्यात शिरलेलं बैल हाय व्हय?"

"मुसकं?" बायको किंचाळली. "मला तर टोपली म्हणाला होतात!"

मी मागं वळून बघितलं. टेबल, ताटं, भात आणि बरोबर वर मुसकं. सावली नेमकी नामदेवरावांच्या खुर्चीवर. देवा! इतके दिवस मी वेणी बघत होतो, गाठी बघत होतो. हे कशासाठी असतं, तेच डोक्यातून गेलेलं!

आता सारवासारव काय करणार? मी त्यांचा हात धरला आणि अक्षरशः ओढत परत आणलं. "शिव्या नंतर द्या. आधी ही कड बघा. फक्त कड."

ते बघेनात. मग बघितलं. मग बोट लावलं. वेणीवरून बोट हळूहळू पूर्ण गोल फिरलं.

"आमचा बाप असंच विणायचा," ते म्हणाले. आवाज बदललेला. "दोरी पायाच्या अंगठ्यात धरून. घरात दोन व्हती. बैल इकलं तवा मीच बंबात घातली. बैलाच्या तोंडावर रोज बघितली, पर अशी कदी न्हाई बघितली."

नामदेवराव परत त्याच खुर्चीत बसले, जाळीची सावली तोंडावर घेऊन. "वैनी, रस्सा गरम करा," म्हणाले. मग असे जेवले, की भात पुन्हा टाकावा लागला. निघताना होकारही देऊन टाकला. मृणाल माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली.

पायरीवर ते मला म्हणाले, "मलाबी येतंय विणाया. लग्नाच्या आदी एक नवं करून देतो. माप तेवढं पायजे. आता बैल कुटनं आणायचा?"

बायकोनं क्षणाचाही विचार केला नाही. "ह्यांचं घ्या."

नामदेवरावांनी खरंच वीत पसरली, कानापासून हनुवटीपर्यंत माझं तोंड मापलं आणि गंभीरपणे मान हलवली. "बैलापरीस जरा मोठंच लागंल."