जुनं खत

द्वारकाबाईच्या पाठीत काठी घातली ती मुंजाबा धनगरानं. त्याच सकाळी त्याचा नातू गेला होता आणि गावाला कारण सापडलं होतं.

गाव चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यापासून आत. विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ पेटलेली ती वर्षं. द्वारकाबाईचा मुलगा भिकन चितेगावच्या एका कारखान्यात कामाला होता. सुट्टी पडली की औरंगाबादला मोर्चाला जायचा. त्या उन्हाळ्यात बौद्धवाड्याचा आड आटला, तेव्हा त्यानंच बायकांना सांगितलं, "गावच्या विहिरीवर जा. सरकारी पैशातून बांधलीय ती. कोणाच्या बापाची नाय."

बायका गेल्या. सगळ्यांत पुढं घागर घेऊन द्वारकाबाई. शिव्या खाल्ल्या, पण पाणी आणलं.

पावसाळ्यात गावातली पोरं आजारी पडली. आधी पोटात मुरडा, मग रक्ताचे जुलाब. मुंजाबाच्या नातवाची लघवी बंद झाली, तोंड सुजलं, पोरगं कोणाला ओळखेना. ते गेलं आणि माणसं बौद्धवाड्यावर चालून आली.

"ह्यांनीच विहिरीत कायतरी कालवलं! नाव पायजे काय विद्यापीठाला? घ्या नाव!"

घागरी फुटल्या, दोन घरांचे पत्रे ओढून काढले. द्वारकाबाई दारात आडवी उभी राहिली, कारण आत भिकनची पोर होती, तिची नात विशाखा. विशाखाची आई बाळंतपणातच गेलेली; पोर आजीच्या पदराखालीच वाढली. मुंजाबाची काठी पाठीत बसली तेव्हा द्वारकाबाईनं चौकट सोडली नाही. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाला दळण घेईना, दुकानदार मीठ देईना, शेतावर कोणी बोलवीना.

मग सरकारी डॉक्टर आले. विहिरीच्या पाण्याची बाटली भरून नेली आणि तपासणी झाल्यावर परत आले. गाव गोळा झालं. डॉक्टर विहिरीच्या काठावरून चढाकडं बघत राहिले. वर नानासाहेबांचा गोठा होता. नानासाहेब गावातले मोठे जमीनदार. दावणीला बैल, म्हशी, जर्सी गाया. गोठ्यामागं त्यांचा उकिरडा, माणूसभर उंच.

"पाण्यात शेणातले जंतू आहेत," डॉक्टर म्हणाले. "कोणी काही कालवलेलं नाही. हा ढीग पावसानं विहिरीत उतरला."

नानासाहेब हसले. "डॉक्टर, दोन वर्षांचं जुनं खत आहे ते. त्याची माती झाली आता."

डॉक्टरांनी कोणाच्या तरी हातातली कुदळ घेतली आणि ढिगात घातली. वरचा कोरडा पापुद्रा फुटला. आत काळं, ओलं, थंडगार.

"वरून माती झालीय. आत बघा. खालवर केलं नाही, ढीग तापला नाही, आणि वर रोज ताजं शेण पडतंय. ढीग नीट तापला तर हे जंतू मरतात. अशा ओल्या गारव्यात महिनोन् महिने जगतात. हलवा हे इथून. पाण्यापासून लांब."

हे सगळ्यांनी ऐकलं. मुंजाबानंही ऐकलं. द्वारकाबाई त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. तो मेंढरांकडं बघत निघून गेला. बाकीचेही पांगले.

ढीग हलवायला माणसं लागणार होती, आणि त्या घाणीत हात घालायला गावातलं कोणी तयार नव्हतं. नानासाहेबांचा गडी बौद्धवाड्यात आला. "मालकांनी बोलवलंय. रोजगार मिळंल." त्या एका कामापुरता बहिष्कार उठला. घरात पीठ नव्हतं. भिकन सत्याग्रहात पकडला गेला होता, औरंगाबादच्या जेलमध्ये होता. द्वारकाबाई घमेलं घेऊन गेली.

"कुठं टाकायचं, मालक?"

"बौद्धवाड्याच्या वरचा माळ मोकळाच आहे की."

"त्याच्या खाली आमचा आड हाय. आता कुठं पाणी आलंय त्याला."

"अगं द्वारके, जुनं खत ते! उकरल्यावर वारं लागलं की काय राहतंय त्यात? आणि तुला नको असंल तर दुसरी बाई बघतो."

द्वारकाबाईला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. तिनं मान खाली घातली आणि घमेलं डोक्यावर घेतलं. बाकीच्या बायकांनीही घेतलं. संध्याकाळी घरात भाकरी झाली. विशाखा पोटभर जेवली.

पुढचा पाऊस लागून राहिला. माळावरून काळपट ओघळ आडाकडं आले. बायकांनी फडकं लावून पाणी गाळलं. दुसरं पाणी होतं कुठं? आणि विशाखाला मुरडा सुटला.

पोरीखालच्या लुगड्यावर रक्त बघितलं तशी द्वारकाबाई पोरीला उचलून नानासाहेबांच्या दारात गेली. गावात जीप एकच.

"मालक, रस्त्यापातुर तरी सोडा."

नानासाहेब ओसरीवर चहा पीत होते. "आत्ताच जीप धुवून आणलीय. तुझी पोरगी सगळी सीट भरवील. रस्त्याला जा, टेम्पो मिळतोय."

ती चिखल तुडवत रस्त्याला लागली. कारखान्यांचे ट्रक पाणी उडवत जात होते. हात केला तरी कोणी थांबेना. शेवटी पुठ्ठ्याची खोकी भरलेला एक टेम्पो थांबला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, हिला लघवी कधी झाली?"

द्वारकाबाईला आठवेना. पोरीच्या पापण्या सुजल्या होत्या. "आजी, पाणी," एवढंच ती म्हणत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तेही थांबलं.

भिकन सुटून आला तेव्हा माती देऊन झाली होती. दारातच त्यानं विचारलं, "माझी पोर कुठाय?"

"म्या आणलं रं ते," द्वारकाबाई म्हणाली. "माझ्या डोक्यावरून वाहून आणलं."

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती माळावर गेली. घमेलं भरलं, गावातून चालत आली आणि नानासाहेबांच्या ओसरीवर पालथं केलं. परत गेली, परत भरून आणलं. लोक जमले. "धरा तिला," नानासाहेब ओरडले. मुंजाबा मेंढरं घेऊन वाटेतच उभा होता. त्यानं कोणाला अडवलं नाही, तिलाही नाही. मेंढरं बाजूला घेतली आणि तिला वाट दिली. त्याच्याकडून झालं ते इतकंच. गड्यांनी तिला केसांना धरून पाडलं, त्याच खतात तोंड दाबलं आणि मग पोलिसांना बोलवलं. गुन्हा तिच्यावर दाखल झाला.

ती जामिनावर सुटली तोवर माळावरचा ढीग नानासाहेबांनी एका भाजीवाल्या बागायतदाराला विकला होता. त्यावर मेथी-कोथिंबीर पिकली आणि टेम्पोनं औरंगाबादच्या बाजारात गेली. गोठ्यामागच्या रिकाम्या जागेत नवं शेण पडू लागलं.

भिकननं आईला शहरात आणलं. पत्र्याची एक खोली, पलीकडं कारखान्यांच्या भिंती. द्वारकाबाई एका कॅन्टीनमध्ये भांडी घासू लागली. हात कोपरापर्यंत धुवायची, कातडी सोलवटेपर्यंत. बायका हसायच्या. भिकननं दुसरं लग्न केलं नाही.

पुढं किती तरी वर्षांनी, जानेवारीत, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. वस्तीत निळा गुलाल उधळला, ढोल वाजले. भिकन रडत घरी आला आणि पेढ्यांचा पुडा आईच्या हातात दिला.

"पोरीपुढं एक ठेव, आई."

द्वारकाबाई पुडा धरून खोलीभर बघत राहिली. ठेवायचा कुठं? विशाखाचा फोटो कधी काढलाच नव्हता. मग तिनं पुड्यातला एक पेढा काढून तसाच खाल्ला, वर पाणी प्याली आणि कॅन्टीनला गेली. त्या दिवशी जेवणारी माणसं जास्त होती.